७०-२०० एफ/२.८ घेतली खरी, पण ही माझं ऐकत नाही

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पाचेक वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आजवर २४-१०५ एफ/४ आणि ५० एफ/१.८ या दोन लेन्सवर माझं सगळं भागत होतं. गेल्या महिन्यात मन घट्ट करून ७०-२०० एफ/२.८ ही झूम लेन्स (फोकल लेंग्थ ७० ते २०० मिमी) घेतली. बॉडी, म्हणजे कॅमेरा, मोठ्या सेन्सरची (फुल फ्रेम) आणि आरसा नसलेली (मिररलेस) आहे. लेन्स हातात आल्यावर आठवड्याभरात एका नृत्याच्या कार्यक्रमाचं काम मिळालं आणि मी मोठ्या तोऱ्यात गेले. अडीच तासांत अकराशे फोटो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले आणि तोरा उतरला. चारशेच्या वर फोटो थेट कचऱ्यात.

नाचणाऱ्यांचे हात-पाय हललेले, कधी कधी चेहराही. शटर १/१२५ सेकंद होतं. लेन्सवर पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आहे, तेवढ्यावर निभावेल असं वाटलं होतं. निळ्या-जांभळ्या दिव्यांत चेहऱ्यावर नुसता रंगाचा सपाट डाग, नाक कुठे नि गाल कुठे ते कळत नाही. शेवटच्या सामूहिक फोटोत पुढची मुलगी आरशासारखी स्वच्छ, मागची रांग धूसर.

पण सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या दिवशी भाचीला मैदानात उभं करून २०० वर, एफ/२.८ ला पोर्ट्रेट काढले. मागची झाडं पार विरघळलेली, पापण्या मोजता येतील इतके डोळे शार्प. खोट काढायला जागा नाही. तरीही फोटोत ती मला भेटतच नाही. कुणी लांबून चोरून टिपल्यासारखी दिसते. ५० वर काढलेल्या तिच्या जुन्या फोटोंत ती हसतेय ते माझ्याकडे बघून, हे स्पष्ट कळतं.

मनगट दुखतंय ते निराळंच. विकू की शिकू?

विंगेतला

१/१२५ वर नाच? ताई, चारशेच फोटो वाया गेले हे नशीब समजा.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, समोरच्याचा नाही. पाच स्टॉप म्हणजे २०० वर हातात धरून एखादा पुतळा १/१० लासुद्धा शार्प येऊ शकेल, पण पुतळे नाचत नाहीत. माझा हिशोब असा आहे: भाषण, गायन, एका जागी बसलेली माणसं, यांना १/२००-१/२५०. संथ हालचालींचा नाच असेल तर १/४००. जलद पदन्यास, गिरक्या यांना १/६४० पासून पुढे. उड्या १/१०००. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवायचा, शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, म्हणजे एफ-नंबर) आपण धरायचं, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर सोडायचा. ६४०० दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. अहो, ग्रेन पुसता येते, हललेला डोळा पुसता येत नाही.

आणखी एक. उडी जिथे सर्वांत वर पोचते किंवा गिरकी जिथे थांबून दिशा बदलते, तिथे शरीर क्षणभर स्थिर होतं. तालीम बघायला मिळाली तर जरूर जा, कॅमेरा नेला नाही तरी चालेल. क्षण कुठे येणार हे आधी माहीत असलं तर १/३२० वरही काम होतं. सेकंदाला वीस फोटोंचा गोळीबार करून हा क्षण सापडतोच असं नाही. नंतर निवडताना डोळे फुटतात, तेवढं मात्र नक्की.

प्राइमप्रेमी

विका आणि ८५ एफ/१.८ ही प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या. उरलेल्या पैशांत १३५ चा विचार करा. झूम म्हणजे आळशी पायांचा उपाय.

विंगेतला

@प्राइमप्रेमी, तुम्ही रंगमंचावर चालत जाऊन क्लोजअप काढता का? एकदा बोलवा, बघायला येतो. (हलके घ्या.)

गणिती

थोडे आकडे टाकतो, कंटाळा आला तर गाळून पुढे जा.

सामूहिक फोटोचं कोडं आधी. फुल फ्रेमवर, ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका शार्प मानायचा हा नेहमीचा निकष धरून, २०० मिमी एफ/२.८ ला ८ मीटरवर फोकसची खोली (शार्प दिसणारा पुढचा-मागचा पट्टा) साधारण २७ सेंटिमीटर भरते, म्हणजे पुढे तेरा-चौदा आणि मागे तेवढीच. मागची रांग मीटरभर मागे असेल तर ती धूसर येणारच, लेन्सचा काही दोष नाही. त्याच जागेवरून १३५ वर आलात तर खोली ६० सेंमीच्या आसपास जाते आणि १३५ वरच एफ/५.६ केलंत तर सव्वा मीटरच्या जवळ. फोकस पुढच्या रांगेच्या किंचित मागे घ्या. ग्रुप फोटोत कुणी हलत नसतं, शटर १/१६० पर्यंत खाली आणायला हरकत नाही.

एकट्याचं पोर्ट्रेट: ३ मीटरवर २०० एफ/२.८ ला खोली जेमतेम ४ सेंमी. माणसाने मान किंचित वळवली की एक डोळा आत, एक बाहेर. तुमच्या भाचीचे डोळे शार्प आले याचं श्रेय तुमच्या कॅमेऱ्याच्या आय-डिटेक्शनला (डोळे शोधणाऱ्या फोकसला) द्या.

आता प्राइमप्रेमींसाठी. मागची झाडं किती विरघळणार हे नुसत्या एफ-नंबरवरून कळत नाही. पार्श्वभूमी खूप लांब असेल आणि माणूस चौकटीत तेवढाच मोठा ठेवला असेल, तर खरी गोष्ट म्हणजे लेन्सच्या छिद्राचा व्यास. फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर. ८५ ला १.८ ने भागा, ४७ मिमी. २०० ला २.८ ने भागा, ७१ मिमी. ८५ एफ/१.२ चंही ७१ च येतं. म्हणजे लांबची पार्श्वभूमी पुसायची तर ही लेन्स २०० वर ८५ एफ/१.२ च्या तोडीची आहे. तीच लेन्स ७० वर नेली की व्यास २५ मिमी, आणि जादू संपली.

प्राइमप्रेमी

हिशोब मान्य. पण ८५ घेऊन मी माणसाच्या जवळ असतो, २०० घेऊन तुम्ही शेजारच्या गल्लीत असता. धागाकर्तीचं दुखणं नेमकं तेच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाहीये.

सावलीबाई

प्राइमप्रेमींच्या बोलण्यात मुद्दा आहे, औषध मात्र चुकीचं सांगताहेत.

पाऊलवाट, भाची तुझ्यापासून किती अंतरावर होती? उभ्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत माणूस घ्यायचा, वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवायची, तर २०० वर तुला साधारण ११ मीटर मागे जावं लागतं. अकरा मीटर! तिथून काही सांगायचं तर ओरडावं लागतं. मूल ओरडण्याकडे बघतं, तुझ्याकडे नाही. हीच चौकट ८५ वर पावणेपाच-पाच मीटरवरून मिळते, ७० वर चार मीटरवरून. चार मीटरवर गप्पा मारता येतात.

आपण सगळेच नवी ७०-२०० हातात आली की एक चूक करतो. आधी झूम फिरवून २०० वर नेतो आणि मग चौकट बसेपर्यंत पाय मागे सरकवतो. उलट कर. आधी अंतर ठरव. या माणसाशी मी किती लांबून बोलेन? ओळखीच्या माणसाशी दोन-अडीच मीटर, नवख्याशी तीन-साडेतीन, लाजाळू मुलाशी कदाचित पाच, कारण जवळ गेलं की ते आईच्या मागे लपतं. त्या जागी उभी राहा. मग झूम फिरव. झूमचं काम चौकट कापणं. माणसाशी नातं किती जवळचं दिसणार, हे तुझे पाय ठरवतात.

तीन मीटरवर उभी राहिलीस तर उभ्या चौकटीत ७० वर साधारण दीड मीटर उंची मावते, म्हणजे गुडघ्यापासून वर. १०० वर कमरेपासून वर. २०० वर डोकं आणि खांदे. एकाच जागेवरून, गप्पा न थांबवता, तीन प्रकारचे फोटो. प्राइम वापरताना प्रत्येक वेळी मला पुढे-मागे नाचावं लागतं आणि समोरच्याला कळतं की आता काहीतरी होणार. झूमवर त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून मी माझी ८५ कपाटात ठेवली (विकली नाही हो, प्राइमप्रेमी).

चेहऱ्याबद्दलही सांगते. मीटरभरावरून काढलं की नाक मोठं, कान मागे पळालेले. दोन मीटरच्या पुढे चेहरा आपल्याला आठवतो तसा दिसायला लागतो. दहा मीटरवरून तो थोडा सपाट होतो, आपण त्या माणसाला लांबून बघितल्यासारखा. तुझ्या पोटाला जे जाणवलं ते खरंच फोटोत आहे.

तिपाई

सावलीबाईंना दंडवत.

खिडकीतून

पण २०० मिमीचं कॉम्प्रेशन (चेहरा थोडा सपाट, मागचं जवळ आल्यासारखं दिसणं) चेहऱ्याला चांगलं असतं ना? सगळे व्हिडिओवाले तेच सांगतात.

गणिती

कॉम्प्रेशन लेन्समध्ये नसतं, अंतरात असतं. घरबसल्या करून बघा: एका जागी उभे राहा, ७० वर एक फोटो, २०० वर एक. पहिल्याचा मधला भाग कापून दुसऱ्याएवढा करा. नाक, कान, मागचं झाड, सगळ्यांची एकमेकांशी मापं तंतोतंत तीच येतील. फक्त पिक्सेल कमी आणि मागचा भाग कमी पुसलेला. २०० मुळे तुम्ही मागे जाता आणि मागे गेल्यामुळे चेहरा सपाट होतो. श्रेय मात्र लेन्स लाटते.

अवांतर: जवळच्या अंतरावर सगळ्या ७०-२०० खऱ्या २०० नसतात. फोकस जवळ आणला की काहींची फोकल लेंग्थ आक्रसते, ब्रीदिंग म्हणतात त्याला. निकॉनची २००९ ची ७०-२०० व्हीआर २ यासाठी प्रसिद्ध होती. अगदी जवळ, १.४ मीटरवर, तिचं २०० प्रत्यक्षात साधारण १३५ सारखं वागायचं. २०१६ च्या एफएल आवृत्तीत त्यांनी ते बरंच सुधारलं. नुसते चेहरे काढणाऱ्यांनी लेन्स घेण्याआधी हे बघावं.

मनगट

आयडीवरून ओळखलं असेल, वजनावर मीच बोलणार.

जुन्या पिढीची कोणतीही ७०-२०० एफ/२.८ दीड किलोच्या आसपास असते. कॅननची २०१० ची ईएफ दुसरी आवृत्ती १४९० ग्रॅम, सोनीची २०१६ ची पहिली जीएम १४८० ग्रॅम. बॉडी धरून दोन किलोच्या वर. मिररलेस आल्यावर कंपन्यांनी मनावर घेतलं. सोनीची २०२१ ची दुसरी आवृत्ती १०४५ ग्रॅम, कॅननची २०१९ ची आरएफ १०७० ग्रॅम. टॅमरॉनने वरचे वीस मिलिमीटर सोडून दिले आणि २०२० मध्ये ७०-१८० एफ/२.८ आणली, ८१० ग्रॅम. तिच्यात स्टॅबिलायझेशन नव्हतं, ते २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. १८० आणि २०० मधला फरक मला आजवर एकाही फोटोत आडवा आलेला नाही, मणक्यात मात्र रोज जाणवतो.

वजन कमी करताना कुठेतरी तडजोड असते. कॅननची ती आरएफ झूम करताना बाहेर येते आणि तिला टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारं जोडभिंग) लावता येत नाही. २०२४ मध्ये कॅननने आतल्या आत झूम होणारी वेगळी आवृत्ती काढली, तिला लावता येतो.

आहे तीच लेन्स वापरायची तर: डावा तळवा लेन्सखाली, वरून पकड नाही. कोपर बरगडीला टेकलेलं. सगळं वजन डाव्या हातावर, उजवा हात फक्त बटणांसाठी. कॅमेऱ्याला धरून लेन्स लोंबकळत ठेवू नका, माउंटवर ताण येतो. पट्टाही लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या पाय असलेल्या कड्याला) लावा. मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) लावताना लेन्सचा पाय लावायचा, बॉडी नाही. कॉलर सैल ठेवली की आडव्याची उभी चौकट मनगट न वळवता होते. माझं मनगट याच एका गोष्टीने वाचलं. हे कळायला मला सहा वर्षं आणि एक फिजिओथेरपिस्ट लागला.

पाऊलवाट

बाप रे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद. सावलीबाई, अकरा मीटर वाचून मी मैदानात जाऊन पावलं मोजली. खरंच तेवढीच होती. आणि हो, मी ओरडतच होते.

काही शंका. एक, एफ/४ वाली घेतली असती तर हलकी पडली असती, चूक झाली का? दोन, निळ्या दिव्यांचं काय? तीन, दोन फोटोंत आडवे पट्टे आलेत, ते काय प्रकरण आहे?

विंगेतला

एफ/४: बाहेर उजेडात काढणार असाल तर खुशाल घ्या, अप्रतिम लेन्सेस आहेत. सभागृहात मात्र तो एक स्टॉप खरा लागतो. १/५०० ला एफ/२.८ वर ६४०० आयएसओ लागत असेल तर एफ/४ वर १२८०० लागेल. आजच्या सेन्सरवर तेही चालतं, पण दिवे मंदावले की पुढची पायरी २५६०० ची असते. तुमचं काम नाचाचं आहे, एफ/२.८ च ठेवा.

निळे-लाल एलईडी: त्या प्रकाशात जवळजवळ एकच रंग असतो, त्यामुळे सेन्सरची एकच वाहिनी भरून वाहते आणि बाकीच्या दोन उपाशी राहतात. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघितला तर सगळं आलबेल दिसतं. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम लावा, कुठला तरी एक उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. तो सुटेपर्यंत एक्स्पोजर खाली आणा, एक स्टॉप, कधी दीड. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) मध्येच काढा. तरीही चेहरा नाहीच आला तर ब्लॅक अँड व्हाइट करा, बिनदिक्कत. किंवा थांबा. कुठलाही प्रकाशयोजनाकार पूर्ण कार्यक्रम निळ्यात ठेवत नाही, दोन मिनिटांत पांढरा किंवा पिवळा येतोच.

काळी पार्श्वभूमी आणि एकट्यावर स्पॉट असेल तर कॅमेऱ्याला वाटतं सगळं अंधारलंय, मग तो उजळवतो आणि चेहरा जळतो. उणे एक कॉम्पेन्सेशन (एक्स्पोजर मुद्दाम एक स्टॉप कमी) किंवा हायलाइटवर बेतलेलं मीटरिंग.

गणिती

पट्टे: शटर इलेक्ट्रॉनिकवर होतं का? बहुतेक सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातात. तेवढ्या वेळात दिवे लुकलुकले की काही ओळी उजळ, काही काळ्या. साधे दिवे विजेच्या दुप्पट गतीने लुकलुकतात, ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा, ६० वर १२०. त्यांच्यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं. एलईडीच्या भिंती आणि रंगीत दिवे याहून कितीतरी वेगाने चालू-बंद होतात, तिथे ते फारसं चालत नाही. मेकॅनिकल शटर लावा, बहुतेक त्रास जाईल. काही बॉडींत शटर अगदी बारीक पायरीने बदलता येतं, पट्टे नाहीसे होईपर्यंत ते फिरवायचं.

पाऊलवाट

हो! आवाज नको म्हणून सायलेंट ठेवलं होतं. सापडला चोर.

तिपाई

आता माझी दोन पानं. जुना माणूस आहे, लांबण लागणार.

या लेन्सबद्दल लोक एफ-नंबर बोलतात, वजन बोलतात, आणि उभं कुठे राहायचं ते कुणी बोलत नाही. सावलीबाईंनी पोर्ट्रेटमध्ये जे सांगितलं तेच कार्यक्रमातही आहे. मी पोचलो की आधी कॅमेरा काढत नाही. सभागृहात एक फेरी मारतो. मधोमध पहिली रांग ही फोटोवाल्याची आवडती जागा आणि बहुतेक वेळा सगळ्यांत वाईट. तिथून बघताना मान वर करावी लागते, म्हणजे नाकपुड्या आणि हनुवट्या. नाच असेल तर पुढच्या कडेने पावलं दिसत नाहीत. सहाव्या-आठव्या रांगेच्या बाजूला, चढावर, डोळे रंगमंचाच्या पातळीला आले की ७०-२०० आपल्या घरी येते. तिथून २०० वर एकटा माणूस, ७० वर जवळजवळ सगळा मंच.

वक्ता असेल तर माईक बघा. समोरून काढलं की माईक थेट तोंडावर. चार पावलं बाजूला सरका, तोंड मोकळं होतं. वक्ता कुठल्या बाजूला जास्त वळतो ते दोन मिनिटांत कळतं, त्या बाजूला जा. वाक्याच्या मध्यात तोंड वेडंवाकडं असतं. वाक्य संपवून तो श्रोत्यांकडे बघतो, तो फोटो घ्यायचा. गायकाचं नेमकं उलट, तान चालू असतानाच घ्या, तोंड वाकडं झालं तरी चालेल, हात बघा.

फोकसचं एक बटण असतं लेन्सवर, अंतराची मर्यादा घालणारं. ते लांबच्या अंतरावर ठेवा. नाहीतर समोरून डोकं गेलं की लेन्स त्याच्यामागे जवळपर्यंत जाते आणि परत यायला वेळ लावते. नाचणारे एकमेकांना ओलांडत असतील तर डोळे शोधणारा फोकस गोंधळतो, भलत्याच्याच डोळ्यावर उडी मारतो. तेव्हा मी छोटा चौकोन घेऊन स्वतः मुख्य नर्तकीवर धरतो. कॅमेरा हुशार आहे, पण नायिका कोण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यूव्ही फिल्टर काढून ठेवा. समोरून स्पॉट आला की फिल्टरवर आपटून फोटोत हिरवे-पांढरे ठिपके उमटतात. लेन्सचं रक्षण हूड करतो. माझा हूड तीनदा दारावर आपटलाय, काच शाबूत आहे. आणि हूड उलटा लावून फोटो काढणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथे लिहिता येत नाही.

शेवटचं. ही एकटी लेन्स घेऊन कार्यक्रमाला जाऊ नये. नाच संपला, मुली धावत येऊन तुमच्या गळ्यात पडल्या, तर ७० वरही त्यांची फक्त नाकं येतील. दुसऱ्या बॉडीवर ३५ किंवा २४-७० असू द्या. दुसरी बॉडी नसेल तर खिशात तुमची ५० ठेवा. खरा कार्यक्रम बऱ्याचदा पडदा पडल्यावर सुरू होतो.

खिडकीतून

वाचनखूण साठवली. तिपाईकाका, वेगळा धागा काढा ना यावर.

प्राइमप्रेमी

खिशात ५०. शेवटी प्राइमच कामाला आली, याची नोंद घेतली जावी.

पाऊलवाट

महिन्याभराने परत आले. धागा वर काढतेय, माफी.

मधल्या काळात एक काम केलं. त्या पहिल्या कार्यक्रमातल्या सगळ्या फोटोंचा एक्झिफ (फोटोसोबत साठलेली सेटिंगची नोंद) चाळला. अकराशेपैकी आठशेहून जास्त २०० वर, शंभर-दीडशे ७० वर. मधले आकडे जणू लेन्सवर छापलेलेच नाहीत. म्हणजे मी झूम घेऊन दोन प्राइम वापरत होते, एक फार लांब, एक फार जवळ.

परवा दुसरा कार्यक्रम झाला, गायन आणि मग थोडा नाच. दुपारी तालमीला जाऊन बसले. जागा सातव्या रांगेच्या डाव्या टोकाला. मेकॅनिकल शटर, गाण्याला १/२५०, नाचाला १/६४०, आयएसओ १०००० पर्यंत गेला आणि आभाळ कोसळलं नाही. साडेसहाशे फोटो काढले, कचऱ्यात सत्तर. त्यातले निम्मे माझ्या डोळे मिटण्याच्या वेळेचे, म्हणजे गायकाच्या. निळा दिवा आला की कॅमेरा खाली ठेवून पाणी प्यायले. यावेळी बरेचसे फोटो १०० ते १६० च्या मधले आहेत.

भाचीला पुन्हा नेलं. साडेतीन मीटरवर खाली बसले, कॅमेरा मांडीवर, आणि तिला शाळेतल्या भांडणाबद्दल विचारलं. ती हातवारे करत सांगत होती, मी झूम फिरवत होते. ११५ मिमी, एफ/३.५. मागची झाडं पूर्ण विरघळली नाहीत, झाडं आहेत हे कळतं. पण तिने भुवया वर करून "आणि मग ती मला म्हणाली" असं म्हटलेला जो फोटो आहे ना, त्यात ती माझ्याशी बोलतेय.

लेन्स विकत नाहीये. आता १.४ चा टेलिकन्व्हर्टर घ्यावा का, ही नवी खाज सुटली आहे.

विंगेतला

साडेसहाशेत सत्तर! पेढे कधी?

कन्व्हर्टर आत्ता नको. १.४ लावला की २८० एफ/४, एक स्टॉप गेला, आणि तोच स्टॉप तुम्ही एफ/२.८ ला पैसे मोजून घेतलाय. मैदानावरचे खेळ काढायला लागलात की बघू. तोवर फोटो कापा.

सावलीबाई

तो भुवयांचा फोटो टाक ना इथे. चेहरा टाकायचा नसेल तर नको, पण एफ/३.५ वर तू थांबलीस हे वाचून बरं वाटलं. नव्या लेन्सवाल्या माणसाला २.८ वरून हलवायला मला सहसा वर्ष लागतं.

पाऊलवाट

आईला विचारून टाकते, म्हणजे तिच्या आईला. भाचीची परवानगी आधीच मिळाली आहे, फक्त "भांडणाचं लिहू नकोस" अशी अट होती. ती मोडलीच.

मनगट

ते सगळं राहू दे. कॉलर सैल केलीस का?

पाऊलवाट

केली. आणि पट्टाही लेन्सला लावलाय. मनगट दुखत नाही, आता खांदा दुखतोय.

मनगट

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. व्यायाम पाठवतो.